ओलाव्याचा हिशेब

वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि वाळवणाचे दिवस एकच असतात. सायंकाळी आपण येथे व्याख्यान ऐकावयास येऊन बसतो, आणि त्याआधी दुपारभर घरोघरच्या गच्च्यांवर कुरडया, पापड, सांडगे उन्हात पसरलेले असतात. कावळ्यांपासून त्यांची राखण करण्याचे काम मुलांकडे असते. कुरडई वाळली की नाही, हे घरातली जाणती बाई कसे ठरवते? ती एक टोक मोडून पाहते. कडकन मोडले तर वाळली. वाकले तर आणखी एक ऊन द्यावयाचे. या परीक्षेत तराजू नाही, तापमापक नाही, आणि तरीही ती सहसा चुकत नाही. पण हेच काम दिवसाला दहा टन मालावर करावयाचे असेल, इंधनाचे बिल भरावयाचे असेल, आणि घेणारा माणूस "ओलावा इतकाच हवा" असे कागदावर लिहून मागत असेल, तर टोक मोडून भागत नाही. तेथे आकडा लागतो. त्या आकड्याविषयी आज बोलावयाचे आहे. विषय कोरडा आहे अशी तक्रार कोणी केली, तर ती मला मान्यच आहे. कारण कोरडे करणे हाच तर विषय आहे.

प्रारंभी एक कोडे घालतो. १०० किलो माल आहे. त्यात ८० टक्के पाणी आहे. तो वाळवून ६० टक्क्यांवर आणावयाचा आहे. तर किती पाणी घालवावे लागेल? बहुतेकांच्या तोंडून पटकन उत्तर येते, वीस किलो. मी हा प्रश्न चांगल्या शिकलेल्या मंडळींनाही घालून पाहिला आहे. तेही वीसच म्हणतात. खरे उत्तर ५० किलो आहे.

हे कसे? १०० किलोंत ८० किलो पाणी, म्हणजे २० किलो कोरडा माल. वाळवताना पाणी जाते, हा २० किलोंचा भाग कोठेही जात नाही. वाळवून झाल्यावर ६० टक्के पाणी राहिले, म्हणजे उरलेले ४० टक्के हा आपला कोरडा भाग. ४० टक्के म्हणजे २० किलो, तर एकूण वजन किती? ५० किलो. त्यांत पाणी ३० किलो. पूर्वी ८० होते, आता ३० उरले, ५० गेले. एवढे साधे त्रैराशिक आहे. मग आपण फसतो का? कारण पाणी कमी झाले की एकूण वजनही कमी होते. टक्केवारी ज्या शंभरावर मोजावयाची, तो शंभरच आपल्या डोळ्यांदेखत आटत असतो. पहिले ८० टक्के १०० किलोंचे होते, नंतरचे ६० टक्के ५० किलोंचे. या दोहोंची सरळ वजाबाकी करणे म्हणजे जुन्या मापाने दिलेले दूध नव्या मापाने परत मागण्यासारखे आहे.

यातून सुटण्याचा मार्ग त्या २० किलोंनीच दाखविला आहे. जे बदलत नाही त्यावर हिशेब बसवावा. एक किलो कोरड्या मालामागे पाणी किती, असे विचारावे. आपल्या कोड्यात आरंभी एका किलोमागे ४ किलो पाणी होते, शेवटी दीड किलो. गेले अडीच किलो. कोरडा माल २० किलो, म्हणून २० गुणिले अडीच, बरोबर ५०. येथे वजाबाकी सरळ करता येते, आणि कारखान्यातला हिशेबनीस सरळ वजाबाकीवरच जगतो.

अशा रीतीने ओलाव्याची दोन मापे झाली. एक ओल्या वजनावरचे, दुसरे कोरड्या वजनावरचे. पहिले कधीही १०० टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. दुसऱ्याला मर्यादा नाही. ओल्या वजनावर ५० टक्के म्हणजे कोरड्या वजनावर १०० टक्के. ८० म्हणजे ४००. ९० म्हणजे ९००. आकडे लहान असतात तेव्हा दोन्ही मापे जवळजवळ असतात, ओल्यावरचे १० टक्के म्हणजे कोरड्यावरचे ११.१, आणि म्हणूनच घोटाळा लपून राहतो. आकडे मोठे झाले की तो उघड्यावर येतो.

बरे, सगळ्या जगाने मिळून एकच माप ठरवावे, तर तसेही झालेले नाही. धान्य, कोळसा, साखर यांच्या व्यवहारात ओल्या वजनावर बोलतात. लाकूडवाले कोरड्या वजनावर बोलतात. त्यामुळे नुकत्याच तोडलेल्या एखाद्या झाडाच्या लाकडात १२० टक्के ओलावा आहे असे ते अगदी गंभीरपणे सांगतात. ऐकणाऱ्याला तो वेडेपणा वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की त्या ओंडक्यात लाकडापेक्षा पाणी जास्त आहे. कापडाच्या धंद्यातही कोरडेच माप. कापसासाठी व्यापारात ८.५ टक्के ओलावा मान्य धरतात, तो कोरड्या वजनावर. तोच ओल्या वजनावर मोजला तर ७.८३ टक्के भरतो. फरक क्षुल्लक दिसतो, पण हजार गाठींचा सौदा असला की क्षुल्लक राहत नाही.

रेशमाच्या बाबतीत तर या फरकापायी सरकारला मध्ये पडावे लागले. रेशीम हाताला ओले न लागता पुष्कळ पाणी पिऊन बसते. तेव्हा दमट तळघरात चार दिवस ठेवलेले रेशीम विकले की विकणारा पाण्याला रेशमाचा भाव लावून जाई. फ्रान्समधील लिओं हे रेशमाचे मोठे पेठेचे शहर. तेथे १८०५ मध्ये नेपोलियनच्या हुकुमाने रेशमाचा ओलावा तपासणारी सार्वजनिक संस्था सुरू झाली. पुढे जी पद्धत रूढ झाली ती अशी की, नमुना पार कोरडा करावयाचा, त्याचे वजन घ्यावयाचे, आणि त्यावर ११ टक्के ठरावीक ओलावा धरून पैसे द्यावयाचे. पार कोरडे १०० किलो भरले तर पैसे १११ किलोंचे. माल आज दमट असो वा सुका, दोघांनाही तक्रारीला जागा नाही. कोरड्या वजनावर हिशेब बसविण्याची ही युक्ती व्यापाऱ्यांच्या भांडणातून आली, हे आम्हा तंत्रज्ञांनी कबूल केले पाहिजे.

माझ्या स्वतःच्या उमेदवारीतली एक फजिती येथे सांगितली पाहिजे. एका कारखान्यात रंगाचा लगदा वाळवावयाचा होता. फिल्टर प्रेसमधून निघालेला हा लगदा मऊ चिखलासारखा असतो. तासाला १०० किलो कोरडा माल निघावा असे यंत्र मागविण्याचे पत्र मी लिहिले: "ओलावा ६० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणणे." कशावर ६० टक्के, हे लिहिण्याची मला गरजच वाटली नाही. माझ्या मनात ओले वजन होते; यंत्र करणाऱ्याच्या मनात कोरडे. माझ्या हिशेबाने तासाला १५० किलो पाणी आत येणार आणि ११ किलो मालात राहणार, म्हणजे १३९ किलो उडवावयाचे. त्याच्या हिशेबाने ६० येणार, १० राहणार, ५० उडवावयाचे. त्याने ५० किलोंचे यंत्र दिले. ते उत्तम होते. आपले काम ते चोख करीत होते. पण माल मात्र बाहेर पडे तो गिच्च. आधी दोष वाफेवर आला, मग कोळशावर, मग रात्रपाळीच्या माणसावर. त्या बिचाऱ्याला दोनदा बोलणीही खावी लागली. आठ दिवसांनी दोन्ही बाजूंचे कागद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा चूक कोणाची ते दिसले. त्या माणसाची मी क्षमा मागितली. यंत्र बदलण्याचा खर्च मात्र क्षमेने भागण्यासारखा नव्हता.

आता हा हिशेब आपल्या परिचयाच्या मालावर लावून पाहू. सांगली जिल्ह्यात, विशेषतः तासगावच्या बाजूला, द्राक्षांचा बेदाणा करतात. द्राक्षांत सुमारे ८० टक्के पाणी, बेदाण्यात सुमारे १५ टक्के. १०० किलो द्राक्षांत कोरडा भाग २० किलो. बेदाण्यात हा भाग ८५ टक्के असावयाचा, म्हणजे बेदाणा २० भागिले ०.८५, साडेतेवीस किलो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो असे बागाईतदार ढोबळमानाने सांगतात, ते असे जमते. साडेशहात्तर किलो पाणी हवेत गेले.

हे पाणी आगीने उडवावयाचे ठरविले तर काय पडेल? एक किलो पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवावयास ७० किलोकॅलरी पुरतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करावयास आणखी ५४० लागतात. तापमापकाचा पारा हलत नाही आणि उष्णता मात्र जात राहते. अठराव्या शतकात ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने ही गोष्ट ओळखली. आपण तिला अप्रकट उष्णता म्हणतो. पाणी न उकळता सावकाश वाळले तरी हे देणे चुकत नाही. नेहमीच्या हवेच्या तापमानाला ते किलोमागे ५८० च्या आसपास भरते. साडेशहात्तर किलोंना ते ४४ हजार किलोकॅलरी झाले. किलोला ४ हजार किलोकॅलरी देणारा कोळसा घेतला, तर तिळभर उष्णता वाया न जाता ११ किलो. आणि प्रत्यक्षात गरम हवेबरोबर धुराड्यातून जाणारी उष्णता धरली तर कितीतरी अधिक. तासगावात हे काम फेब्रुवारी ते एप्रिलची कोरडी हवा फुकट करते. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि तेल यांच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यामुळे सालीवरचा मेणचट थर पाण्याला वाट देतो; मग ती शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत पसरतात. पंधरवड्यात, कधी थोड्या अधिक दिवसांत, बेदाणा तयार होतो. मध्येच अवकाळी पाऊस आला म्हणजे मात्र ही फुकटची भट्टी विझते, आणि मग त्या ४४ हजारांची किंमत कळते.

येथे एक नवल पाहा. माल २५ टक्के ओलाव्यावर येईपर्यंत वजन २६.७ किलोंवर आलेले असते. म्हणजे ७६.५ पैकी ७३ किलोंहून अधिक पाणी गेले. राहिले तीन किलो आणि वर थोडे. सगळ्या कामाचा हा पंचविसावा हिस्सा. पण दिवस मात्र पंचविसाव्या हिश्श्याने लागत नाहीत, पुष्कळ जास्त लागतात. त्याचे कारण वाळण्याच्या रीतीत आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत डब्ल्यू. के. लुईस यांनी आणि १९२९ पासून टी. के. शेरवुड यांनी या रीतीचा पद्धतशीर अभ्यास केला. पुरेशा ओल्या पदार्थाच्या पृष्ठभागावर आरंभी पाण्याचा पातळ थर असतो. त्या वेळी पदार्थ कोणता याला महत्त्व नसते, हवा किती गरम, किती कोरडी आणि किती वेगाने वाहते एवढ्यावर वाळण्याचा वेग ठरतो, आणि तो बराच वेळ एकसारखा राहतो. पुढे एक वेळ अशी येते की आतले पाणी पृष्ठभागापर्यंत पुरेशा वेगाने पोहोचत नाही. तेथून वेग उतरू लागतो. या टप्प्यावर पंख्याचा वारा वाढवून फारसे काही साधत नाही. द्राक्षावर साल असल्यामुळे हा उतार फार लवकर लागतो. आणि घाई करून हवा फार तापविली, तर वरचा थर कडक होऊन आतले पाणी आतच कोंडते. लाकडाच्या फळ्या अशा घाईने वाळविल्या की त्या तडकतात.

मग अगदी शेवटचा थेंब काढता येतो का? उघड्या हवेत नाही. हवेत नेहमीच काही दमटपणा असतो, आणि प्रत्येक पदार्थ त्या दमटपणाशी जुळेल इतका ओलावा धरून ठेवतो. वैशाखात कडक असलेला पापड श्रावणात मऊ पडतो तो याचमुळे. आपण त्याला पाणी लावलेले नसते. तेव्हा कारखान्याच्या हिशेबात घालवावयाचे पाणी मोजताना हा समतोलाचा ओलावा वजा टाकावा लागतो. आजूबाजूच्या हवेशी जुळणाऱ्या ओलाव्यापेक्षा माल अधिक वाळवला आणि उघडा ठेवला, तर जाळलेले इंधन हवा पुन्हा पाणी रूपाने परत करते.

ऊस कारखान्याची गोष्ट याहून वेगळी आणि, मला वाटते, अधिक मजेची आहे. रस काढल्यावर राहणारे चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, तेच बॉयलरखाली जळते. चरकाच्या शेवटच्या रुळांतून निघताना त्यात सुमारे ५० टक्के पाणी असते. अशा एक किलो बगॅसमधून सुमारे १,८०० किलोकॅलरी उपयोगी उष्णता मिळते. ओलावा ४५ टक्क्यांवर आणला तर सुमारे २,०४० मिळते. तेरा-चौदा टक्के वाढ! एवढे ऐकून एखादा उत्साही माणूस बगॅस वाळविण्याचे यंत्र मागवावयास निघेल. पण आपले कोडे आठवा. १०० किलो बगॅसमध्ये कोरडा भाग ५० किलो. ओलावा ४५ टक्के झाला की वजन उरते ९०.९ किलो. किलोमागे उष्णता वाढली, पण किलोच कमी झाले. ढिगाचा विचार केला तर खरी वाढ तीन-चार टक्के. भट्टी अधिक तापते, जळण नीट पेटते, हा लाभ त्याशिवाय आहेच, आणि तो लहान नाही. पण तेरा टक्के म्हणून जो सांगेल त्याने शंभर कोणता धरला, हे त्याला विचारावे. रुळांचा दाब नीट ठेवून पाणी पिळून काढता आले तर उत्तमच. धुणे वाळत घालण्यापूर्वी आपण पिळतो, त्यातले शहाणपण हेच: पिळलेल्या पाण्याला ५४० चे देणे द्यावे लागत नाही.

ओलावा मोजावयाचा कसा, हे आता थोडक्यात. नमुना तोलावा, १०५ अंशांच्या भट्टीत ठेवावा, आणि पुनःपुन्हा तोलून वजन उतरणे थांबेपर्यंत ठेवावा. समजा ४० ग्रॅमचे ३१ ग्रॅम झाले. गेले ९ ग्रॅम. ओल्या वजनावर हे साडेबावीस टक्के, कोरड्यावर २९. पण भट्टीला पाण्याची पारख नाही. जे उडून जाईल ते सगळे तिच्या लेखी पाणी. हळदीत सुगंधी तेल असते, ते पाण्याबरोबर उडते आणि आकडा फुगतो. म्हणून मसाल्यांसाठी १९२० मध्ये डीन आणि स्टार्क यांनी सांगितलेली रीत वापरतात: नमुना टोल्युईनमध्ये उकळावयाचा, वाफ थंड करावयाची, आणि तळाशी जमलेले पाणी आखलेल्या नळीत सरळ वाचावयाचे. तेल टोल्युईनमध्ये मिसळून वरच राहते. बेदाण्याचे दुखणे निराळे. त्यातली साखर १०५ अंशांना करपू लागते आणि स्वतःच मोडून पाणी सोडते. त्याला हवा काढून घेतलेल्या भट्टीत ७० अंशांवरच वाळवावे लागते.

शेवटी बाजार समितीच्या आवारात जाऊ. सोयाबीनची हमीभावाने खरेदी करताना ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो असा नियम. २०२४-२५ च्या खरिपात केंद्र सरकारने तो १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केला होता, कारण पावसामुळे माल सुकेना. त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. आता १५ टक्क्यांचा माल १२ टक्क्यांचा म्हणून धरावयाचा तर वजनात किती घट धरावी? पुन्हा आपण तीन म्हणू, आणि पुन्हा चुकू. १०० क्विंटलांत कोरडे ८५, त्याला ०.८८ ने भागले की ९६.५९. घट ३.४१. तीनच धरले तर घेणाऱ्याचे १०० क्विंटलांमागे सुमारे २,००० रुपये जातात. उलट कोणी टक्क्याला दोन किलो कापू लागला तर विकणाऱ्याचे त्याहून कितीतरी अधिक जातात. ज्यांच्या घरी सोयाबीन होते त्यांनी एक आकडा ध्यानात ठेवावा: १२ टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्यामागे क्विंटलला १.१४ किलो घट, कमी नाही, जास्त नाही. १ भागिले ०.८८, एवढेच त्याचे मूळ आहे.

आणि भीतीपोटी माल ८ टक्क्यांपर्यंत वाळविला तर? १२ टक्क्यांचा जो १ क्विंटल होता, तो आता ९५.६५ किलो भरतो. साडेचार किलोंच्या जवळपास वजन उन्हात गेले, आणि त्याचा भाव कोणी देत नाही.

एवढे गणित पाठ झाले तरी एक गोष्ट उरतेच. हातातले विजेचे मीटर जो आकडा दाखवते, तो त्यात टाकलेल्या मूठभर दाण्यांचा असतो. ती मूठ ढिगाच्या वरून घेतली असेल तर उन्हाने सुकलेली, तळातून घेतली असेल तर दमट. म्हणून पोत्यांत पोकळ परखी खुपसून, वरचे, मधले आणि तळचे दाणे काढून, ते एकत्र मिसळून मगच मीटरमध्ये टाकावे लागतात. आणि मीटर त्याच धान्यासाठी लावलेले आहे ना, हे आधी पाहावे लागते.